कालीघाट : यात प्राचीन काय?



एखाद्या मंदिरावरचा प्रकल्प अहवाल उघडला की पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते. 'हे अतिशय प्राचीन व जागृत देवस्थान आहे.' त्यानंतर एक परिच्छेद आख्यायिकेचा, एक इतिहासाचा, एक स्थापत्याचा आणि शेवटी 'कसे जाल'. मी स्थापत्य अभियांत्रिकीचा शिक्षक. वारसा वास्तूंवरचा एक ऐच्छिक विषयही शिकवतो, त्यामुळे असे अहवाल दरवर्षी माझ्या टेबलावर येतात. त्यांच्या भाषेबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती 'प्राचीन' या एका शब्दाबद्दल. हा शब्द जागेला, कथेला आणि इमारतीला एकदमच चिकटवला जातो. मग वाचणाऱ्याला वाटते, तिन्हींचे वय एकच असणार. ते तसे जवळजवळ कधीच नसते.

या टिपणात आपण कोलकात्याचे कालीघाट मंदिर घेऊ. मंदिर प्रसिद्ध आहे, त्याच्याबद्दल मराठीसह सगळ्या भाषांत भरपूर लिहिले गेले आहे, आणि बहुतेक लिखाणात ही गल्लत आहे.

इमारतीपासून सुरुवात करू, कारण तिचे वय सांगणे सर्वांत सोपे. आज जिथे दर्शनाची रांग लागते ते कालीघाटचे मुख्य मंदिर १८०९ मध्ये पूर्ण झाले. काम सुरू केले सावर्ण रायचौधुरी घराण्यातील संतोष रायचौधुरी यांनी आणि पुरे केले त्यांच्या वारसांनी. हे साल जरा आपल्या ओळखीच्या गोष्टींशेजारी ठेवून पाहा. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ चा, म्हणजे तो या 'प्राचीन' मंदिरापेक्षा पाऊणशे वर्षांनी मोठा. खुद्द कोलकात्यातले गव्हर्नमेंट हाउस, म्हणजे ज्याला पुढे राजभवन म्हटले गेले ती गव्हर्नर जनरलची हवेली, १८०३ मध्ये उभी राहिली. सेंट जॉन्स चर्च १७८७ चे. कंपनी सरकारची ही दोन्ही बांधकामे कालीघाटच्या आजच्या मंदिरापेक्षा जुनी आहेत. वर्गात हे सांगितले की मुले एकमेकांकडे पाहतात. कोणीतरी फसवल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

फसवले कोणी नाही. याच जागी आधी लहान मंदिर होते आणि ते सोळाव्या शतकात जेसोरच्या राजा बसंत राय यांनी बांधले, असे परंपरा सांगते. मंदिर पडते, पुन्हा बांधले जाते, मोठे होते. आपल्याकडेही तेच आहे. त्र्यंबकेश्वरचे आजचे मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळात सुरू झाले, काशी विश्वनाथाचे अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधले. ज्योतिर्लिंग म्हणून या स्थानांचा महिमा फार जुना आहे, माथ्यावरचे दगड मात्र मराठेशाहीतले. यात कमीपणा कसलाच नाही. अहवालात मात्र दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहायला हव्यात.

सावर्ण रायचौधुरी हे नाव लक्षात ठेवण्याला आणखी एक कारण आहे. १० नोव्हेंबर १६९८ रोजी ईस्ट इंडिया कंपनीने सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचे जमीनदारी हक्क १३०० रुपयांना मिळवले, ते याच घराण्याकडून. या तीन गावांचे पुढे शहर झाले. २००३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने जॉब चार्नॉकला शहराचा संस्थापक मानता येणार नाही, असा निर्णय दिला, त्यामागचा अर्जही याच घराण्याच्या वंशजांच्या परिषदेचा होता. म्हणजे मंदिर बांधणारे लोक कोणा अंधाऱ्या पुराणकाळातले नव्हते. कंपनीशी व्यवहार केलेल्या जमीनदारांची ती पुढची पिढी होती. नाटमंदिर, म्हणजे गाभाऱ्यासमोरचा खांबांवरचा मंडप, आंदुलच्या काशीनाथ राय यांनी १८३५ मध्ये बांधला. कालीघाट जसे आहे तसे ते एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्याचे मंदिर आहे आणि त्या नात्याने ते अधिक मनोरंजक वाटते, असे माझे मत.

शहराच्या नावाचेही असेच आहे. 'कालीघाटवरून कलकत्ता' हे समीकरण तुम्ही ऐकले असेल. पण कलिकाता हे गाव सुतानुटी आणि गोविंदपूर यांच्या मध्ये होते आणि कालीघाट गोविंदपूरच्याही दक्षिणेला, वेगळ्या ठिकाणी. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी या नावाचा संबंध चुन्याशी, शिंपले भाजून केलेल्या कळीच्या चुन्याशी जोडला होता. सर्वांना ते पटलेले नाही. मला मात्र चुन्यावरून नाव पडलेले शहर ही कल्पना आवडते, त्याचे कारण पुढे येईल.

आता कथा. दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकला, शिव तिचे शव खांद्यावर घेऊन फिरू लागला, विष्णूने सुदर्शन चक्राने त्या देहाचे तुकडे केले आणि ते जिथे पडले तिथे शक्तिपीठे झाली. कालीघाटला उजव्या पायाची बोटे पडली. मंदिराजवळच्या कुंडात ती सापडली, असे स्थानिक परंपरा मानते. इथला भैरव नकुलेश्वर.

ही कथा तुम्हाला घरून माहीत असते, त्यामुळे ती नेहमी अशीच होती असे वाटते. तसे नाही. महाभारतातल्या दक्षयज्ञाच्या कथेत देहाचे तुकडे होत नाहीत. कालिकापुराणात ब्रह्मा, विष्णू आणि शनी शवात शिरून त्याचे खंड करतात, चक्र तिथे नाही. देवीभागवतात विष्णू बाण वापरतो. पीठांची संख्याही बदलत गेली. जुन्या यादीत चारच पीठे होती, जालंधर, ओडियान, पूर्णगिरी आणि कामरूप. पुढे संख्या वाढत ५१ आणि १०८ पर्यंत गेली. कलकत्त्याचे अभिलेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी १९४८ मध्ये 'द शाक्त पीठाज' या अभ्यासात या सगळ्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. ५१ पीठांची नावे, अवयव आणि भैरव नीट जुळवून देणारा 'पीठनिर्णय' हा ग्रंथ त्यांच्या मते बराच उशिराचा, मध्ययुगाच्या अखेरीचा आणि बंगालकडचा आहे. ५१ ही संख्या संस्कृत वर्णमालेतल्या अक्षरांच्या संख्येशी जोडली जाते. कालीघाट या मोठ्या यादीत आहे, चारांच्या यादीत नाही.

कोल्हापूरकडच्या एका विद्यार्थिनीने मला इथेच अडवले होते. "सर, आमच्या अंबाबाईला आजी शक्तिपीठ म्हणते. मग आजी खोटं बोलते का?" प्रश्न रागाने विचारलेला होता, आणि तो तसाच विचारायला हवा. मी तिला उलट विचारले, आजी किती शक्तिपीठे सांगते? ती म्हणाली, साडेतीन. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि अर्धे वणीची सप्तशृंगी. म्हणजे एकाच देवीला बंगालकडच्या यादीत ५१ पैकी एक जागा आहे आणि आपल्या आजीच्या यादीत साडेतिनांपैकी. दोन्ही याद्यांत कोणी खोटे बोलत नाही. एक यादी हिंगलाजपासून कामाख्येपर्यंतचा सगळा मुलूख एकाच देहाने जोडते, दुसरी एका भाषेचा मुलूख जोडते. कथा ज्यांनी सांगितली त्यांना स्वतःचा देश केवढा वाटत होता, हे तिच्यावरून कळते. मंदिर कोणत्या साली बांधले हे तिच्यावरून कळत नाही, कारण तिला ते सांगायचेच नव्हते. आजीला खोटे ठरवायचे असेल तर आधी आजीने इमारतीचे साल सांगितलेले असले पाहिजे. ते सहसा अहवाल लिहिणारा सांगतो.

आता छपराकडे वळू. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझा विषय तोच.

कालीघाटचे मंदिर बंगालच्या 'चाला' पद्धतीचे आहे. छपराच्या एका उतरत्या बाजूला बंगालीत चाला म्हणतात. दोन उतार असले तर दोचाला, चार असले तर चारचाला. चारचालावर तशाच आकाराचे, पण लहान, चार उतारांचे दुसरे छप्पर ठेवले की आठ उतार होतात. त्याला आटचाला म्हणतात आणि कालीघाट आटचाला आहे. वर तीन कळस. बाहेरून पाहिले तर उतारांवर चंदेरी रंग आणि वळचणीला लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या रंगांचे पट्टे. आपल्या डोळ्यांना शिखराची सवय असते, त्यामुळे पहिल्यांदा हे मंदिर वाटतच नाही. मोठी झोपडी वाटते, आणि ते अगदी बरोबर आहे.

गंगेच्या त्रिभुज प्रदेशात बांधकामाचा दगड नाही. गाळाची माती, बांबू आणि पेंढा मुबलक. तिथले घर बांबूच्या सांगाड्यावर पेंढा शाकारून उभे राहते. बांबू वाकतो. छपराचा आढा मध्ये उचललेला, वळचण दोन्ही कोपऱ्यांकडे धनुष्यासारखी खाली उतरलेली, अशा आकारावरून धो धो पावसाचे पाणी साचून न राहता चटकन निघून जाते. पुढे विटांचे मंदिर बांधायची वेळ आली तेव्हा कारागिरांनी देवासाठीही तेच घर उभे केले. विटांच्या भिंतीला वक्र वळचणीची काही गरज नसते. ती फक्त बांबूची आठवण.

हे विचित्र वाटत असेल तर कार्ल्याच्या लेण्यात जाऊन या. तिथल्या चैत्यगृहात, अखंड डोंगर कोरून केलेल्या छताखाली, लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत. मूळ लाकूड अजून टिकून आहे. छत डोंगराचे आहे, त्या फासळ्यांवर कसलाही भार नाही. तरी त्या हव्या होत्या, कारण सभागृह म्हणजे लाकडी कमानीचे, हे बांधणाऱ्यांच्या डोळ्यांत ठरलेले होते. सामग्री बदलते, आकार मागे राहतो. कार्ल्याला आणि कालीघाटला जोडणारा धागा हा, आणि मला तो दोन्हींच्या आख्यायिकांइतकाच थरारक वाटतो.

पण आकार राहिला तरी भार कसा पेलायचा, हा प्रश्न नवा होता. बांबू ताण सहन करतो. वीट दाब सहन करते, ताणात ती तुटते. विटांचे छप्पर हवे तर कमान आणि घुमटाकार छत हवे, त्यांचा बाहेर ढकलणारा जोर घ्यायला जाड भिंती हव्यात, आणि म्हणून गाभारा लहान राहतो. हे तंत्र बंगालमध्ये सुलतानी काळात रुजले. पांडुआचा एकलाखी मकबरा पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा. तो विटांचा आहे आणि त्याची वळचण झोपडीसारखी वाकलेली आहे. गौडच्या छोटा सोना मशिदीत मधल्या भागावर चक्क चारचालाच्या आकाराचे छत आहे. तेव्हा क्रम असा लागतो : शेतकऱ्याची झोपडी, मग मशीद आणि मकबरा, मग मंदिर. बिष्णुपूरचे श्यामराय मंदिर १६४३ चे आणि दोन दोचाला जोडून केलेले केष्टराय मंदिर १६५५ चे. याच सुमारास तो वाकलेला आकार मोगलांनाही आवडला आणि लाहोरच्या किल्ल्यातल्या नौलखा मंडपावर जाऊन बसला. 'शुद्ध हिंदू शैली' असा शब्द या मंदिराबद्दल वापरणाऱ्याने एकदा वर पाहावे. आणि जाता जाता, आपण शहरात ज्याला बंगला म्हणतो तो शब्दही याच 'बांगला' घरावरून आलेला आहे.

या मंदिरांचे वर्गीकरण ज्याने प्रथम नीट केले तो माणूस वास्तुशास्त्राचा नव्हता. डेव्हिड मॅककचन हा इंग्रज जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्य शिकवायचा. सुट्टीत खेड्यापाड्यांतून हिंडून त्याने बंगालच्या विटांच्या मंदिरांची मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली. १९७२ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, तो कलकत्त्यातच वारला. त्याचा मुख्य ग्रंथ त्याच वर्षी एशियाटिक सोसायटीने छापला. विषय बदलायला पदवी लागते असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी ही नोंद.

इमारत म्हणून कालीघाट कसे आहे? मला विचाराल तर ते आटचालाचे सर्वोत्तम उदाहरण नाही. बिष्णुपूरच्या भिंतींवर भाजलेल्या मातीच्या फलकांत जे कोरीव काम आहे, त्याच्या जवळपासही इथले काही येत नाही. शिवाय नाटमंदिर आणि भोवतालच्या भरीमुळे मंदिर एका नजरेत सापडतच नाही. मी गेलो तेव्हा गर्दीतून वाट काढत, एका पंड्याला नको म्हणत, दुसऱ्याला हो म्हणत, आतली मूर्ती काही क्षण दिसली. काळ्या पाषाणाचा मुखवट्यासारखा चेहरा, तीन मोठे डोळे, सोन्याची लांब जीभ. कॅलेंडरवरच्या कालीशी तिचे फार साम्य नाही. बाहेर आल्यावर छप्पर पाहायला मला समोरच्या गल्लीत बरेच मागे जावे लागले. वरचे लहान छप्पर खालच्या मोठ्या छपराला जी उंची देते, ती तेव्हा कळली. दूरवरून दिसावे एवढ्याचसाठी ती दुसरी टोपी घातली आहे आणि ते काम ती चोख करते. याच गल्ल्यांत एकोणिसाव्या शतकात पटुआ चित्रकार गिरणीच्या स्वस्त कागदावर देवांची आणि बाबू लोकांची चित्रे काढून यात्रेकरूंना विकायचे. लिथोच्या छापील चित्रांनी त्यांचा धंदा बसला. त्या चित्रांचा मोठा संग्रह आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

वयाच्या या घोळाने नुकसान काय होते, असे तुम्ही विचाराल. अहवालातली एक ओळ चुकली, एवढेच ना? अभियंता म्हणून मला तेवढेच वाटत नाही. गेल्या काही वर्षांत कालीघाट मंदिराचा जीर्णोद्धार झाला, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथे स्कायवॉक खुला झाला. दक्षिणेश्वरला तो २०१८ मध्येच झाला होता. देशभर मंदिरांवर असा खर्च होतो आहे आणि पुढे तुमच्यापैकी काही जण त्याच्या निविदा लिहिणार आहेत. त्या वेळी 'प्राचीन' हा शब्द कामाचा नसतो. भिंत १८०९ ची विटा-चुन्याची आहे, की बाराव्या शतकातली सांधेबंद दगडाची, की १९५० सालची सिमेंटची, हे माहीत असावे लागते.

चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, यांच्या दर्जात बांधलेली भिंत श्वास घेते. जमिनीतून चढलेली ओल गिलाव्यातून बाहेर पडून वाळते. तिच्यावर सिमेंटचा कडक गिलावा किंवा चकचकीत फरशी चढवली की ती वाट बंद होते. ओल आतच अडकते, तिच्याबरोबर आलेले क्षार विटेच्या आत साठतात, आणि वीट पापुद्र्यांनी सुटू लागते. वरून भिंत नवी कोरी दिसते. कोलकात्यासारख्या दमट, पाण्याची पातळी उंच असलेल्या शहरात हे आणखी लवकर होते. शिंपल्यांच्या चुन्यावरून या शहराला नाव मिळाले असो वा नसो, त्याच्या जुन्या भिंतींना मात्र चुनाच मानवतो.

आपल्या घरचे उदाहरण याहून सोपे. महाराष्ट्रात काळ्या दगडाचे कोणतेही जुने मंदिर 'हेमाडपंती' ठरते. हेमाद्री हा यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. दोनशे वर्षे आधीच्या मंदिराला हेमाडपंती म्हणणे म्हणजे आजोबांना नातवाचे नाव देणे. अशा सैल नावांमुळे मंदिराचे मूळ रूप कोणते हेच कोणी विचारत नाही, आणि मग ऑइलपेंट, ग्रॅनाइट, स्टीलचे कठडे असे काहीही त्यावर चढते. पंढरपूरला २०२४ मध्ये विठ्ठलाच्या गाभाऱ्यातली नंतरची आवरणे काढून जुना दगड उघडा केला, तेव्हा कित्येक वारकऱ्यांनी तो दगड आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

राहता राहिली जागा. कालीघाट या नावात मंदिराचा उल्लेखच नाही, घाटाचा आहे. कधी काळी भागीरथीचा मोठा प्रवाह इथून वाहत होता, त्याला आज आदिगंगा म्हणतात. बंगालच्या मंगलकाव्यांत चांद सौदागराची गलबते याच पाण्याने समुद्राकडे जातात. नदीकाठची जागा, समोरून जाणारे व्यापारी, उतरून केलेला नवस, अशा ठिकाणी देवस्थान रुजायला इमारतीची वाट पाहावी लागत नाही. पुढे मुख्य प्रवाह पश्चिमेला सरकला आणि ही वाट गाळाने भरली. १७७० च्या दशकात मेजर विल्यम टॉली याने ती उपसून नावा चालण्याजोगी केली, म्हणून तिचे दुसरे नाव टॉलीचा नाला.

तुम्ही गेलात तर दर्शनानंतर घाटापर्यंत चालत जा, फार अंतर नाही. पाणी अरुंद आहे, काळे आहे, ओहोटीला चिखल दिसतो, आणि तरी कोणीतरी पायऱ्यांवर बसून त्यातले ओंजळभर डोक्याला लावत असते. तिथून मेट्रोने दक्षिणेला निघालात तर टॉलीगंजच्या पुढे गाडी उंच खांबांवरून धावू लागेल. खिडकीतून खाली पाहा. ते खांब आदिगंगेच्याच पात्रात उभे आहेत.